नीनवेला मिळालेले चाळीस दिवस

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याची कथा आमच्या भागात लहानथोर सगळ्यांना ठाऊक असते. अवघे सोळा वर्षांचे आयुष्य घेऊन जन्मलेला मार्कंडेय शिवलिंगाला मिठी मारून बसतो, यमाचा पाश येऊन पडतो आणि महादेव प्रकट होऊन यमालाच माघारी धाडतात. वैनगंगेच्या काठावरच्या त्या जुन्या मंदिरसमूहात महाशिवरात्रीला जत्रा भरते, तेव्हा दूरदूरच्या गावांतून लोक येतात. कपाळी लिहिलेले मरणही देवाच्या दारात टळू शकते, हा विश्वास त्या कथेच्या मुळाशी आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथातही ठरलेला नाश टळल्याची एक कथा आहे. फरक मोठा आहे. मार्कंडेय निष्पाप होता, भक्त होता. या दुसऱ्या कथेत वाचते ते एक आख्खे दोषी शहर. त्याचे नाव नीनवे.

देवाचा न्याय आणि माणसाचा पश्चात्ताप हे दोन विषय ख्रिस्ती प्रार्थनेत आणि प्रवचनात सतत येतात. बाहेरून ऐकणाऱ्याला त्यात धमकी ऐकू येते, आणि चर्चमध्ये लहानाचे मोठे झालेल्यांनाही पुष्कळदा तेवढेच ऐकू येते. पण नीनवेची कथा नीट वाचली तर दिसते की या श्रद्धेत शिक्षेचा इशारा दिला जातो तो शिक्षेची वेळ येऊ नये म्हणून. आणि त्या इशाऱ्याला माणसाने द्यायचे उत्तर डोळ्यांतल्या पाण्यावर थांबत नाही, ते व्यवहारात उतरावे लागते.

चांदा धर्मप्रांतातले तीन दिवस

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. कॅथलिक चर्चच्या नकाशावर मात्र दोन्ही जिल्हे अजून एकत्र आहेत, आणि नावही जुनेच आहे: चांदा. सिरो-मलबार चर्चचे हे मिशनक्षेत्र १९६२ मध्ये स्थापन झाले, १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, आणि त्याचे मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे त्याचे जिल्हे, म्हणजे चामोर्शीही त्याच हद्दीत येते. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांद्याला काम सुरू केले होते. त्या परंपरेतल्या मंडळ्या पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या, आणि त्या चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच झाली. ख्रिस्ती माणसे या जंगलपट्ट्यात संख्येने थोडी आहेत, पण त्यांच्यामुळे दोन वेगवेगळ्या परंपरा इथे पोचल्या आहेत.

सिरो-मलबार ही केरळातल्या संत थॉमस ख्रिस्ती समाजाची परंपरा. तिची उपासना पूर्वेकडच्या, म्हणजे आजच्या इराकच्या बाजूच्या, सिरियाक चर्चमधून आलेली. या परंपरेत ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या सुमारे तीन आठवडे आधी सोमवार ते बुधवार असा तीन दिवसांचा वेगळा उपवास असतो. मल्याळीत त्याला ‘मून्नु नोम्बु’ म्हणतात. हा नीनवेचा उपवास. परंपरा सांगते की सहाव्या शतकात मेसोपोटेमियात साथीच्या रोगाने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा तिथल्या बिशपांनी नीनवेच्या लोकांची आठवण करून देऊन सगळ्यांना उपवासाला बसवले. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या कुरविलंगाडच्या चर्चमध्ये या उपवासाच्या मंगळवारी, नीनवेला इशारा द्यायला पाठवलेल्या योना या संदेष्ट्याच्या जहाजाची प्रतिकृती खांद्यांवर घेऊन मिरवतात. वादळात सापडल्यासारखे ते जहाज डोलवत, हेलकावे देत नेले जाते.

मोठा उपवासही या परंपरेत पाश्चात्त्य चर्चांसारखा बुधवारी सुरू न होता सोमवारी सुरू होतो, आणि त्या दिवशी कपाळाला राख लावतात. २०२६ मध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीची, आणि राखेचा सोमवार दुसऱ्याच दिवशी, १६ फेब्रुवारीला. मार्कंड्याची जत्रा आणि ख्रिस्ती उपवासाची सुरुवात त्या वर्षी अशी एकमेकींना लागून येते.

रुसलेला संदेष्टा

योनाचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. देव योनाला नीनवेला जाऊन इशारा द्यायला सांगतो. नीनवे ही अश्शूरी साम्राज्यातली मोठी नगरी, तैग्रीस नदीकाठची, आजच्या मोसुल शहरालगतची. अश्शूरी सैन्याचा जुलूम योनाच्या लोकांनी भोगलेला. त्यामुळे योना नेमका उलट दिशेला पळतो. याफोच्या बंदरात जाऊन तार्शीशचे जहाज पकडतो. वादळ येते, खलाशी त्याला त्याच्याच सांगण्यावरून समुद्रात टाकतात, मोठा मासा त्याला गिळतो आणि तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ओकतो. बहुतेकांना कथा एवढीच आठवते. खरी कथा इथून पुढे सुरू होते.

योना नीनवेत शिरतो आणि सांगतो की चाळीस दिवसांनी हे शहर उलथून पडेल. त्याच्या बोलण्यात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. पण शहर ऐकते. राजा सिंहासनावरून उतरतो, राजवस्त्र काढून गोणपाट नेसतो आणि राखेत बसतो. माणसांसोबत गुराढोरांनाही उपवास घडवला जातो. आणि राजाच्या फर्मानात एक गोष्ट स्पष्ट आहे: प्रत्येकाने आपला वाईट मार्ग आणि हातून चाललेला जुलूम सोडावा. पुढे देव काय पाहून द्रवला हे पुस्तक नेमके सांगते. त्याने त्यांचे गोणपाट पाहिले असे लिहिलेले नाही. त्यांनी वाईट मार्ग सोडला, ती कृती त्याने पाहिली. शहर वाचले.

इथे सगळ्यात जास्त चिडतो तो योना. देव दयाळू आहे, तो शेवटी माफ करणार, हे मला आधीच माहीत होते, म्हणूनच मी पळालो, असे तो देवाला सुनावतो. शहराबाहेर झोपडी घालून रुसून बसतो. देव त्याच्यावर सावली धरणारी एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी कीड लागून ती सुकते आणि योना त्या वेलीसाठी हळहळतो. तेव्हा देव त्याला विचारतो की एका वेलीसाठी तुझा जीव तुटतो, तर उजवे-डावे न कळणाऱ्या १ लाख २० हजारांहून अधिक माणसांसाठी, आणि एवढ्या गुरांसाठी, माझा जीव तुटू नये का? या प्रश्नावर पुस्तक संपते. योनाचे उत्तर लिहिलेलेच नाही.

न्याय आणि दया यांचा संबंध इतक्या थोडक्यात सांगणारे लेखन जगात विरळा. चाळीस दिवसांची मुदत हीच दया होती. ज्याला मारायचेच आहे तो आधी दवंडी पिटत नाही. आणखी एक गोष्ट: नीनवेच्या लोकांना इस्राएली व्हायला कोणी सांगितले नाही. त्यांच्याकडून मागितले गेले ते जुलूम सोडणे.

हे पुस्तक ज्यू समाज प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे योम किप्पूरला, दुपारच्या उपासनेत वाचतो. महाराष्ट्रातल्या कोकणच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात या दिवसाला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी माणसे दारे लावून घरात उपवास आणि प्रार्थना करत. म्हणजे नीनवेच्या पश्चात्तापाची आठवण मराठी मुलखाच्या पश्चिम टोकालाही जपली गेली आहे आणि पूर्व टोकालाही.

नीनवे पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये पडलेच. बायबलमधले नहूमचे पुस्तक त्याच पाडावाबद्दल आहे. एका पिढीचा पश्चात्ताप पुढच्या पिढीच्या नावावर जमा होत नाही, हेही या कथेत धरायला हवे.

न्याय कशाचा होणार?

न्याय होणार हे ख्रिस्ती श्रद्धेचे मूळ कलम आहे. चौथ्या शतकात ठरलेल्या निकीयाच्या मतांगीकारात ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल असे म्हटले आहे, आणि जगभरची चर्चे ते आजही म्हणतात. कॅथलिक शिकवणीत न्याय दोनदा आहे: मरणानंतर लगेच प्रत्येकाचा वेगळा, आणि जगाच्या अंती सर्वांचा एकत्र. इथे कर्मसिद्धान्ताशी तुलना मनात येणे साहजिक आहे. कर्माचे फळ आपोआप मिळते, जन्मोजन्मी फिटत राहते. ख्रिस्ती कल्पनेत जन्म एकच आहे आणि हिशेब घेणारा जिवंत देव आहे. हिशेब आपोआप होत असता तर त्यात सूट कोण देणार? समोर कोणीतरी आहे, म्हणूनच क्षमा मागता येते.

पण विचारले काय जाणार? इथे संदेष्टे फार स्पष्ट बोलतात. आमोस हा मेंढ्या राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. त्याचा राग कोणावर आहे? माप लहान आणि वजन मोठे करणाऱ्यांवर, खोटा काटा वापरणाऱ्यांवर, जोडाभर पायताणांसाठी गरिबाला विकत घेणाऱ्यांवर. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून धरलेली मजुरीच देवाकडे ओरड करते. हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागू नये. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संकलन केंद्रावर नेऊन रांगेत मांडायचे. तिथे मोजणाऱ्याने चार पुडे बाद केले किंवा वहीत कमी लिहिले, तर घरातल्या बाईच्या अख्ख्या सकाळचा घाम गेला. धानाच्या काट्यावरही तेच. आमोसच्या मते देवाच्या न्यायासनासमोर पहिली फाईल उघडते ती ही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या न्यायाचे जे चित्र उभे करतो, त्यात सहा गोष्टी विचारल्या जातात: भुकेल्याला अन्न दिले का, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. उजवीकडचे आणि डावीकडचे, दोघेही चकित होतात. उजवीकडच्यांना आपण देवाची सेवा केली हे ठाऊकच नव्हते, आणि डावीकडच्यांना देव आपल्या दारी येऊन गेला हे कळलेच नव्हते.

संकट म्हणजे शिक्षा नव्हे

देवाच्या न्यायाबद्दल बोलताना एक क्रूर चूक सहज होते. मोह वेचायला गेलेल्या बाईवर वाघाने झडप घातली, पुरात कोणाचे घर वाहून गेले, की कुजबूज सुरू होते: काहीतरी पाप असेल. येशूच्या काळीही हेच होते. लूकच्या शुभवर्तमानात लोक त्याला रोमन सुभेदार पिलाताने मारलेल्या गालीलकरांबद्दल सांगतात. तो स्वतःहून आणखी एक घटना काढतो: शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती काय यरुशलेमेत सर्वांत जास्त पापी होती? त्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. पण लगेच तो बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो: तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. म्हणजे दुसऱ्याच्या संकटावरून त्याचा निवाडा करायचा नाही, आपल्या जगण्याची झडती घ्यायची.

त्याला जोडूनच अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. तीन वर्षे फळ न धरलेले झाड मालक तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढे वर्ष राहू द्या, मी आळे खणतो, खत घालतो, मग बघू. नीनवेला चाळीस दिवस, अंजिराला एक वर्ष. दोन्हीकडे मुदत आहे, आणि दोन्हीकडे ती मुदत कशासाठी हे स्पष्ट आहे.

दावीद, यहूदा, जक्कय

पश्चात्ताप कसा होतो हे बायबल माणसांच्या गोष्टींतून सांगते. दावीद राजाने उरीया नावाच्या आपल्या सैनिकाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. नाथान संदेष्टा दरबारात येतो आणि आरोप न करता एक फिर्याद सांगतो: एका श्रीमंताकडे पुष्कळ कळप, शेजारच्या गरिबाकडे एकच मेंढी, घरच्या मुलीसारखी वाढवलेली, त्याच्या ताटात खाणारी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने स्वतःचा कळप राखला आणि गरिबाची ती मेंढी कापली. दावीद संतापून शिक्षा फर्मावतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीद कारणे सांगत नाही, नाथानाला बाहेरही काढत नाही. मी पाप केले, एवढे बोलतो. त्याला क्षमा मिळते, पण केलेल्याचे परिणाम त्याच्या घराला पुढे भोगावे लागतातच. क्षमेने इतिहास पुसला जात नाही.

येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा ही जोडी तर विचार करायला लावणारी. एकाच रात्री पेत्राने येशूला तीनदा नाकारले, यहूदाने त्याला धरून दिले. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने तर तीस रुपये परतही केले. पण तो पैसे घेऊन गेला याजकांकडे, ज्यांना त्याची काहीच पडलेली नव्हती, आणि मग एकटाच जाऊन त्याने जीव दिला. पेत्र रडला आणि आपल्या माणसांत राहिला, येशू पुन्हा भेटेपर्यंत. अपराधाची बोच दोघांना सारखीच होती. आपल्याला परत घेणारा कोणी आहे, हा भरवसा एकाजवळ उरला आणि दुसऱ्याजवळ उरला नाही. म्हणून माणसाला नुसत्या भीतीने कोंडून ठेवणारे प्रवचन धोक्याचे आहे. ते त्याला यहूदाच्या वाटेने लोटू शकते.

आणि जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढून येशूला पाहणारा. येशू त्याच्या घरी उतरायला जातो तेव्हा गाव कुरकुरते. जक्कय उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. तेव्हाच येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळाले. आपल्याकडची गोष्ट असती तर हा माणूस वहीत कमी पुडे लिहिणारा मुनीम असता, आणि त्याने जुन्या वह्या काढून घरोघर जाऊन पैसे मोजून दिले असते.

कॅथलिक चर्चच्या पापनिवेदन संस्कारात याच गोष्टी क्रमाने येतात: मनापासून दुःख, धर्मगुरूंजवळ उघड कबुली, क्षमेचे उच्चारण आणि प्रायश्चित्त, ज्यात शक्य तिथे नुकसानभरपाई आलीच. तिथे ऐकलेले धर्मगुरूंनी कोणालाही सांगायचे नाही, जीव गेला तरी. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये ज्या ९५ मुद्द्यांनी युरोप हलवला, त्यातला पहिलाच मुद्दा असा की ख्रिस्ती माणसाचे सबंध आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. वाद क्षमा विकण्याबद्दल होता. पश्चात्तापाच्या गरजेबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत होते.

केडगाव, १९०५

मराठी मुलखात हा विषय सर्वांत तीव्रतेने जगला गेला तो पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळाने नेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला आसरा दिला का, या प्रश्नांचे उत्तर त्यांनी असे हातापायांनी दिले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला होता. पण पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले की ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही बरीच वर्षे ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता. धर्म बदलला म्हणजे मन बदलले असे होत नाही, हे एवढ्या थोर विदुषीने स्वतःबद्दल सांगावे याला मोल आहे. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुक्तीत रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे असे विचारले. सुरुवातीला सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. जूनच्या अखेरीस मुली मोठमोठ्याने रडत, आपले अपराध बोलून दाखवत प्रार्थना करू लागल्या. नेहमीचे वर्ग बाजूला राहिले. पुढे मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. रडणे ओसरल्यावर काम उरले, आणि ते मुक्ती मिशन आजही चालू आहे.

अशी दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. जातिभेदाचा पीळ मनातून कसा सुटला हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्यांच्या बदलाची खूण साधी होती: त्या सर्वांच्या हातचे खाऊ-पिऊ लागल्या.

कायदा आणि मन

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बायकांनी, गावांनी लढून मिळवली आणि तिची गरज आहे. कायदा दुकान बंद करू शकतो. पण पिऊन घरी मारहाण केलेल्या माणसाने बायकोसमोर उभे राहून ‘माझे चुकले’ म्हणायचे, मुलांच्या शाळेचे उडवलेले पैसे पुन्हा कमवून द्यायचे, हे कायद्याने घडत नाही. ख्रिस्ती श्रद्धा ज्याला पश्चात्ताप म्हणते तो इथून सुरू होतो. आणि तो फक्त पिणाऱ्याने करायचा नसतो. चोरून विकणाऱ्यानेही, डोळेझाक करणाऱ्यानेही करायचा असतो. नीनवेत राजासकट सगळे राखेत बसले होते.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे की देवाला उशीर होत नाही, कोणाचा नाश होऊ नये म्हणून तो धीर धरतो. मिळालेल्या प्रत्येक दिवसाकडे असे पाहता आले तर उपवासाला अर्थ येतो. मांसमच्छी सोडणे, राख लावणे, गुडघे टेकणे हे सगळे चांगले आहे, पण ते सुरुवातीचे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाची तुझ्याविरुद्ध काही तक्रार आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणून उपवासाच्या पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून काढावे: कोणाची मजुरी राहिली आहे, कोणाच्या बांधात आपला नांगर घुसला आहे, कोणाबद्दल खोटे बोललो, कोणाशी बोलणे तोडले. मग त्यातले पहिले नाव घ्यावे आणि त्याच्या घरी जावे. ईस्टरची वाट पाहू नये.